घरांतील नळांची नाडीपरीक्षा

वैशाखांत वर्षाचें धान्य उन्हांत पडतें, पावसाळ्याच्या तोंडावर कौलांची शाकारणी होते, आणि दसऱ्यास घरांत शस्त्र नसलें तरी विळी व अडकित्ता घासूनपुसून पूजेस मांडलीं जातात. वडील मंडळींचा रक्तदाब व साखर वर्षांतून एकदां तपासून आणण्याचें काम चिरंजीव न विसरतां करतात. दाराशीं उभ्या असलेल्या गाडीची निगा तर त्याहूनही अधिक. परंतु ज्या नळांच्या जाळ्यावर घरांतील अकरा माणसांचें स्नान, स्वयंपाक, धुणें, देवपूजा आणि तहान अवलंबून आहे, तें जाळें एकदां भिंतींत गाडलें कीं जणूं अमर झालें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. आम्हीही तीस-पस्तीस वर्षें ती बाळगून होतों. ती कशी गेली हें सांगण्यांत या वेळचीं पानें खर्चीं घालीत आहों. हकीकत घरगुती आहे व तींत आमची शोभा फारशी नाहीं. तरीही सांगतों, कारण वाचकांपैकीं अनेकांच्या अंगणांत आमच्यासारखीच एक टाकी असणार.

आमचें घर पुण्यांतलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या पुरांत नदीकांठचें आमचें बिऱ्हाड वाहून गेलें, आणि तीन वर्षांनीं तीर्थरूपांनीं हें दुमजली घर उभें केलें. नळ त्या काळच्या रिवाजाप्रमाणें जस्ताचा लेप दिलेले लोखंडी. सार्वजनिक पाणी ठराविक वेळींच येई म्हणून अंगणांत जमिनीखालीं विटांची एक टाकी बांधली. तींतून पंपानें पाणी गच्चीवरच्या टाकींत चढतें. खालीं आम्ही राहतों, वर आमचे धाकटे बंधू. चूल मात्र एकच आहे, व ती तशी राहिली याचें श्रेय आमच्याकडे नाहीं, दोघी जावांकडे आहे. म्हणूनच पुढें जें घडलें तें मनाला लागलें.

तीन वर्षांमागें देवघराच्या भिंतीवर ओल दिसूं लागली. प्रथम पोळीएवढा डाग, मग पाटाएवढा. देवघराच्या बरोबर वर बंधूंचें स्नानगृह आहे. आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडलें कीं वरच्या मजल्यावर पाणी फार सांडतें. तें म्हणणें दोन-तीन वेळां चहाच्या वेळीं निघालें, आणि धाकट्या भावजयीनें कांहीं एक उत्तर न देतां दुपारचा चहा वरच घेण्यास आरंभ केला. एकत्र कुटुंबांत भांडण मोठ्यानें होतें तेव्हां फारशी भीति नसते. कोणी आपला पेला उचलून वर नेला कीं समजावें, ओल माणसांत शिरली.

मग आम्हीं वर्षभरांत तीन कारागीर आणले. पहिल्यानें वरच्या स्नानगृहाची फरशी उखडून पुन्हां बसविली. दुसऱ्यानें देवघराच्या भिंतीचा गिलावा काढून कसलासा रासायनिक लेप दिला. तिसऱ्यानें पावसाळी पाण्याचा नळ बदलला. प्रत्येकाजवळ हातोडा होता, आणि प्रत्येकानें भिंतीकडे एक दृष्टिक्षेप टाकून रोगाचें नांव सांगितलें. तिघांचे मिळून एकतीस हजार रुपये झाले. डाग होता तेथेंच राहिला. आयुर्वेदांत माधवाचा रोगनिदानाचा स्वतंत्र ग्रंथ आहे. त्यांत औषधयोजना नाहीं, रोग ओळखण्याचीच विद्या आहे. औषध देण्यापूर्वीं रोग ओळखणें हें एक निराळें शास्त्र आहे, हें आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलों. स्वतःच्या भिंतीच्या बाबतींत मात्र तीन वेळां औषध आधीं घेतलें.

ओल ही पैशाची गोष्ट होती. तिच्यापुढचें संकट तसें नव्हतें. गेल्याच्या गेल्या वर्षीं भाद्रपदांत आमच्या नऊ वर्षांच्या नातवाला कावीळ झाली. डॉक्टरांनीं मुलाला तपासलें आणि मग घरांत आणखी कोण कोण आहे असें विचारलें. बंधूंच्या सूनबाईंना त्या वेळीं सहावा महिना होता. तें ऐकतांच डॉक्टरांचा स्वर बदलला. पाण्यावाटे पसरणाऱ्या काविळीचा 'ई' नांवाचा एक प्रकार आहे. इतर माणसें त्यांतून बहुधा सुखरूप उठतात, पण गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो प्राणावर बेतूं शकतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यांत दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत मैलापाणी शिरून सुमारें एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली होती. ती याच प्रकारची होती असें पुष्कळ वर्षांनंतर, साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ठरलें. गर्भवती स्त्रियांचे हाल त्या सांथींत सर्वांत अधिक झाले होते. नातवाची कावीळ 'अ' प्रकारची निघाली, त्यामुळें थोडा धीर आला. पण डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ज्या वाटेनें एक आली त्याच वाटेनें दुसरी येऊं शकते. आधीं पाणी बघा. आणि सूनबाईंना माहेरीं पाठवा."

दुसऱ्याच दिवशीं त्या नाशिकला गेल्या. डोहाळजेवण आमच्या घरीं व्हावयाचें होतें, ओंवाळणीचीं पातळें घेऊन ठेवलीं होतीं. तें सर्व तिकडे झालें.

त्या आठवड्यांत आमचे भाचे भेटीस आले. ते बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते. त्यांनीं सुचविलें कीं आतां कांहींही फोडूं नका; ज्याचा धंदा दुरुस्तीचा नसून केवळ तपासणीचा आहे असा एक जाणकार आणा, आणि साऱ्या घराचे नळ, टाक्या, मोऱ्या व मैलापाण्याची वाट एकदम तपासून घ्या. शुल्क साडेसहा हजार. आम्हीं विचारलें, "दुरुस्ती धरून?" ते म्हणाले, "नाहीं, नुसतें पाहण्याचे." नुसतें पाहण्याचे साडेसहा हजार! निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला हें वाक्य गळ्याखालीं उतरण्यास दोन दिवस लागले, हें कबूल करतों.

आलेला गृहस्थ पस्तिशीचा असावा. त्याच्यापाशीं हातोडा नव्हता, वही होती. त्यानें प्रथम भिंतीकडे पाहिलेंच नाहीं. ओसरीवर बसून त्यानें दोघी जावांना आणि भांडीं घासणाऱ्या बाईंना बोलावलें व विचारलें, "काकू, पाण्याचा जोर कोणत्या वेळीं कमी होतो? सकाळचें पहिलें पाणी तांबूस येतें का? कोणत्या मोरीचें पाणी तुंबतें? वास कोठें येतो, आणि पावसाळ्यांत अधिक येतो का?" अर्धा तास हेंच चाललें. आम्ही घराचे मालक म्हणून शेजारीं बसलों होतों. आमच्यापाशीं एकाही प्रश्नाचें उत्तर नव्हतें. बाईंनीं मात्र सांगितलें कीं अंगणांतल्या नळाशीं बसलें कीं गेल्या दोन पावसाळ्यांपासून कुबट वास येतो. तें त्यांनीं पूर्वींही सांगितलें होतें म्हणे. कोणाला, तें त्यांनीं भिडेखातर सांगितलें नाहीं.

मग त्यानें घराचा एक नकाशा काढला. पाणी कोठून येतें, कोठें साठतें, कोणत्या भिंतींतून चढतें, कोठें उतरतें आणि वापरलेलें पाणी कोणत्या वाटेनें बाहेर जातें, हें सर्व निरनिराळ्या रंगांत. साठ वर्षांत असा नकाशा या घराचा कोणीं काढला नव्हता. भिंतींतील नळ शोधतांना तो पुटपुटला कीं सर्व कांहीं भिंतींत लपविण्याची हौस महागांत पडते. त्याचें म्हणणें ऐकून आम्हांस कात्रजची आठवण झाली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानें पुण्याच्या हौदांत आणलें गेलें. त्या नळावर जागोजाग उच्छ्वास बांधलेले आहेत. हवा खेळावी, गाळ बसावा आणि आंत काय चाललें आहे तें पाहतां यावें यासाठीं. ज्यांनीं पाणी भूमिगत नेलें त्यांनीं पाहण्यास जागाही ठेवली. आम्हीं न्हाणीघराला गुळगुळीत फरशी लावली आणि एक झडपही उघडी ठेवली नाहीं.

(प्लंबर हा शब्द मुळांत शिशाचा आहे, हें जातां जातां सांगून टाकतों. लॅटिन भाषेंत शिशाला प्लंबम म्हणतात, रोमन लोक नळ शिशाचे करीत, म्हणून तें काम करणारा प्लंबर. व्हिट्रुव्हियस नांवाच्या रोमन स्थापत्यकारानें दोन हजार वर्षांपूर्वींच लिहून ठेवलें आहे कीं शिशाच्या नळापेक्षां मातीच्या नळांतलें पाणी प्रकृतीला बरें. धंद्याला ज्या धातूचें नांव मिळालें तो धातु पुढें पिण्याच्या पाण्यांतून हद्दपार करावा लागला.)

आतां ओलीचा निवाडा. रात्रीं सर्व नळ बंद करून त्यानें गच्चीवरच्या टाकींत पाण्याच्या पातळीशीं खडूची रेघ मारली. सकाळीं पाणी रेघेच्या दोन बोटें खालीं होतें. म्हणजे सारें घर झोपलें असतां घर पाणी पीत होतें. मग त्यानें शौचकूपाच्या वरच्या पेटींत रंग टाकला. कोणीं सांखळी ओढली नसतां अर्ध्या तासांत खालच्या भांड्यांत रंग उतरला. हा आमच्याच खालच्या मजल्यावरचा दोष, एका रबरी चकतीचा. ती पेटी बंद करून पुन्हां रेघ मारली. पाणी कमी उतरलें, पण उतरलेंच. दुसऱ्या रात्रीं त्यानें वरच्या स्नानगृहाच्या मोरीला बूच मारून तेथें दोन इंच रंगीत पाणी भरून ठेवलें. सकाळीं देवघराच्या भिंतीवर रंगाचा मागमूस नव्हता, आणि वरचें पाणी भरलें तेवढेंच होतें. शेवटीं त्यानें थंड पाण्याचा आणि ऊन पाण्याचा असे दोन्हीं नळ वेगवेगळे बंद करून हातपंपानें त्यांत दाब भरला. थंड पाण्याच्या नळावर दाबमापकाचा कांटा अर्धा तास हालला नाहीं. ऊन पाण्याच्या नळावर तो आमच्या डोळ्यांदेखत खालीं घसरला.

हा ऊन पाण्याचा नळ देवघराच्या भिंतींतून जातो. गच्चीवर सूर्याच्या उष्णतेचा बंब बसविला तेव्हां नवा नळ टाकण्याचा खर्च वांचावा म्हणून जुन्याच लोखंडी नळाला तो जोडावा, असा हट्ट आम्हींच धरला होता. उष्ण पाण्यानें जस्ताचा लेप लौकर जातो, मग लोखंडाला गंज चढतो. गंज आंतून चढला तर नळ अरुंद होतो, आणि पार गेला तर भिंत पाणी पिऊं लागते. जो तुकडा पुढें कापून काढला तो आम्हीं जपून ठेवला आहे. अर्ध्या इंचाच्या त्या नळांतून आतां पेन्सिलही जात नाहीं. वरच्या मजल्यावर जो आरोप होता त्याचा आरोपी खालीं, चष्मा लावून, वर्तमानपत्र वाचीत बसला होता.

टाकीचा शोध याहून गंभीर होता. त्यानें प्रथम दोन बाटल्यांत पाण्याचे नमुने घेतले, एक रस्त्यावरून घरांत येणाऱ्या नळाचा आणि दुसरा स्वयंपाकघरांतील नळाचा, आणि ते प्रयोगशाळेंत पाठविले. शंभर मिलिलिटर पाण्यांत मलजन्य जंतूंचा एकही अंश आढळतां कामा नये, असें पिण्याच्या पाण्याचें भारतीय मानक आहे. रस्त्याचें पाणी निर्दोष ठरलें, त्यांत क्लोरीनचा अंशही शिल्लक होता. स्वयंपाकघराच्या पाण्यांत क्लोरीन नव्हतें आणि ते जंतु होते. म्हणजे पाणी बाहेर शुद्ध होतें आणि आमच्या उंबऱ्याच्या आंत बिघडत होतें. पाणी गाळण्याचें यंत्र स्वयंपाकघरांत होतें खरें. पण त्याची कांडी दोन वर्षें बदललेली नव्हती, आणि मुलें दांत घासतांना ज्या नळाचें पाणी पितात तेथें यंत्र नसतें.

त्यानें अंगणांतल्या मैलापाण्याच्या चेंबरमध्यें हिरवा रंग ओतला आणि टाकी उपसून रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवशीं विजेरी घेऊन त्यानें आम्हांस टाकीच्या तोंडाशीं बोलावलें. आंतील विटांच्या एका सांध्यांतून हिरवा ओघळ उतरत होता. टाकी भरलेली असते तेव्हां पाणी बाहेर झिरपतें. ती रिकामी होते आणि भोंवतालची जमीन पावसानें चिंब असते तेव्हां बाहेरचें आंत येतें. भाद्रपदांत नेमकें तेंच झालें असावें. मुलाची कावीळ याच पाण्यानें झाली असें शपथेवर सांगतां येणार नाहीं, कारण तो रोग शरीरांत शिरल्यावर दिसावयास कित्येक आठवडे घेतो, आणि शाळेच्या दारांत बर्फाचे गोळेही मिळतात. पण हिरवा ओघळ आम्हीं स्वतः पाहिला.

तें चेंबर तीर्थरूपांनीं टाकीपासून दूर बांधलें होतें. १९८७ सालीं मागें नवें न्हाणीघर काढतांना आम्हीं एक नवें चेंबर टाकीपासून चार फुटांवर घेतलें. दहा फूट नळाचे पैसे वांचले. हिशेबाच्या जुन्या वहींत तो आंकडा अजून आहे. तो येथें लिहिण्याची आम्हांस लाज वाटते.

आणि आमच्या मातोश्री! सोंवळ्यांत भरलेल्या पाण्याच्या घागरीला कोणाचा स्पर्श होऊं नये म्हणून त्या आयुष्यभर जपल्या. ज्यांनीं आमचीं गटारें साफ केलीं त्यांना अंगणाच्या कडेनें जावें लागे. तें सोंवळें आम्हीं पुढें सोडलें, पण त्याची घमेंड थोडीफार उरली होती. पूजेचें पाणी तांब्याच्या कलशांत ठेवून आम्ही आचमन करीत होतों, तें याच टाकींतलें. यापलीकडे या गोष्टीवर लिहिवत नाहीं. चेंबरची तपासणी त्या गृहस्थानें कॅमेरा लावलेली लवचिक तार सोडून केली. कोणाही माणसाला आंत उतरविलें नाहीं. तशी सफाई संरक्षक साधनांवांचून माणसाला आंत उतरवून करून घेण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. तरीही माणसें उतरविलीं जातात व गुदमरून मरतात. वाचकांनीं आपल्या घरीं हें होऊं देऊं नये.

आणखी एक दोष त्यानें दाखविला, तो आमच्या गल्लींत घरोघर असेल. पाण्याचा जोर कमी म्हणून आम्हीं रस्त्यावरच्या नळालाच थेट पंप लावला होता. असा पंप ओढतो तेव्हां फक्त पाणीच ओढीत नाहीं; रस्त्याखालीं नळाला कोठें चीर असेल तर तिच्या भोंवतालचा चिखलही ओढतो, आणि तो शेजाऱ्याच्याही घरीं जातो. पंप दुसऱ्या दिवशीं काढला. शेजारीं सांगून पाहिलें, दोघांनीं ऐकलें.

अहवाल आठ पानांचा होता. काय ताबडतोब करावें, काय वर्षभरांत करावें आणि काय जसें आहे तसें राहूं द्यावें, असे तीन भाग. तिसरा भाग वाचून आमचा त्या माणसावर विश्वास बसला. लोखंडी नळ सरसकट बदलूं नका, थंड पाण्याचे अजून पांच-सात वर्षें टिकतील, असें त्यानें लिहून दिलें. जो फुकट तपासणी करूं म्हणतो आणि जातांना यंत्राची किंमत सांगतो, त्याच्याकडून असें वाक्य मिळत नाहीं. म्हणून तपासणारा आणि दुरुस्त करणारा शक्य तों निराळे असावे. तपासणी लेखी असावी. आणि दाबमापकाचा कांटा आपल्या डोळ्यांनीं पाहावा. रंगाची व खडूच्या रेघेची परीक्षा तर कोणाही सुगृहिणीला घरच्या घरीं करतां येते. जुनीं घरें विकत घेणाऱ्यांनीं मात्र दस्तऐवज तपासण्यापूर्वीं हें सर्व जाणकाराकडून पाहून घ्यावें.

विटांची टाकी बुजविली, चेंबर हलविलें, नवी टाकी जमिनीवर, दिसेल अशी बसविली, तिच्या वरच्या झडपेला जाळी लावली. पाण्याचे नमुने दोनदां पाठविले, दोन्हीं वेळां निर्दोष आले. नातू दीड महिन्यांत हिंडूं-फिरूं लागला. मार्गशीर्षांत नाशिकला सूनबाईंना कन्या झाली, आणि सव्वा महिन्यानें त्या इकडे आल्या.

अहवाल आला त्या दिवशीं दुपारीं आमचें कुटुंब चहाचे दोन पेले घेऊन जिना चढून वर गेलें. तेथें काय बोलणें झालें तें आम्हांस कळलें नाहीं. चहा पुन्हां खालीं होऊं लागला.

तो रंगीत नकाशा आतां स्वयंपाकघराच्या दारामागें टांगला आहे. पुढील तपासणी पाडव्यानंतरच्या रविवारीं ठरली आहे. त्या आदल्या रात्रीं दहानंतर कोणीं नळ सोडूं नये, असें घरांत सर्वांना आतांपासून सांगून ठेवलें आहे.